ग्रीसच्या बेटांवर जाताय? या चुका टाळा

फेब्रुवारी उजाडला की ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या लोकांचे ग्रीसचे प्लॅन माझ्याकडे तपासायला येऊ लागतात. दहा दिवस, आणि त्यात अथेन्स, मिकोनोस, सँटोरिनी, क्रीट, झाकिन्थोस, जमल्यास मेटिओरा. माणसं बदलतात, प्लॅन तोच. दरवर्षी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बेटावरून ज्या दिवशी बोटीने परतायचं, त्याच रात्रीचं मुंबईचं विमान घेणं.

एजियन समुद्रावर उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, उत्तरेकडून कोरडा वारा सुटतो. त्याला मेल्टेमी म्हणतात. सुटला की कधी दोन दिवस, कधी आठवडाभर थांबत नाही. आपल्याकडे समुद्र खवळला म्हटलं की काळं आभाळ आणि कोसळता पाऊस डोळ्यांसमोर येतो. तिथे आकाश निळंशार असतं, ऊन लख्ख असतं आणि तरी बोटी बंद असतात, त्यामुळे आपल्या लोकांचा विश्वासच बसत नाही. वारा ठरावीक वेगाच्या वर गेला की बोट न सोडण्याचा आदेश बंदरावरून निघतो आणि तिथे कुणाचीही रदबदली चालत नाही. हलक्या, वेगवान कॅटमरान बोटी आधी थांबतात, मोठ्या जड बोटी त्यानंतर.

आमच्या नात्यातलं ठाण्याचं एक कुटुंब ऑगस्टमध्ये गेलं होतं. नवरा-बायको, मुलगी आणि आजी. सँटोरिनीहून दुपारची वेगवान बोट, रात्री आठच्या सुमारास अथेन्सचं बंदर पिरेअस, तिथून विमानतळ आणि मध्यरात्रीनंतरचं विमान. शेवटच्या दोन रात्री अथेन्समध्ये काढा, असं मी परोपरीने सांगितलं होतं. "अगं, शहरात दोन रात्री काय करायचंय? त्यापेक्षा समुद्र बघू," असं उत्तर आलं. सकाळी बोट रद्द झाल्याचा मेसेज आला, तो त्यांनी पाहिलाच नाही. सँटोरिनीचं बोटींचं बंदर, अथिनिओस, हे उभ्या कड्याच्या तळाशी आहे. वळणावळणांचा एकच रस्ता खाली उतरतो आणि खाली सावली जेमतेम. तिथे बॅगांवर बसून त्यांनी मला फोन केला. वाऱ्याच्या आवाजात निम्मं बोलणं ऐकूच येत नव्हतं. तोवर त्या दिवशीची अथेन्सची विमानं भरून गेली होती, कारण बोट चुकलेले शेकडो जण त्याच जागांच्या मागे होते. बोटीचे पैसे नियमाप्रमाणे परत मिळाले. पण मुंबईचं विमान चुकलं, त्याच्याशी बोटवाल्यांचा काही संबंध नसतो. दोन दिवसांनी निघता आलं, चार नवी तिकिटं काढावी लागली. सगळ्यात जास्त घोर लागला तो आजींच्या बीपीच्या गोळ्यांचा. त्या सहलीचे दिवस मोजूनच आणल्या होत्या.

म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे. अथेन्सला उतरलं की विमानतळाबाहेर पडायचंच नाही, तिथूनच पुढचं विमान पकडून सगळ्यात लांबचं बेट गाठायचं. मग बोटीने अथेन्सच्या दिशेने जवळच्या बेटांकडे सरकत यायचं आणि शेवटच्या दोन रात्री अथेन्सला ठेवायच्या. वारा सुटलाच तर अथेन्सची एक रात्र जाईल, घरी जायचं विमान जाणार नाही. अॅक्रोपोलिस, म्हणजे अथेन्सच्या टेकडीवरची प्राचीन देवळं, हेही शेवटीच बघायचं. त्याचं तिकीट ३० युरोंचं आहे आणि ठरावीक वेळेचं असतं, तेव्हा आधीच ऑनलाइन काढा आणि सकाळी आठची वेळ धरा. कडक उन्हाच्या लाटेत दुपारी काही तास ते बंद ठेवतात आणि वर संगमरवरावर सावली अजिबात नाही. आणि गोळ्या-औषधं आठवडाभर जास्तीची न्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

दुसरी चूक बेटांच्या संख्येची. लोकवस्ती असलेली बेटंच दोनशेच्या वर आहेत, कितीही धावलात तरी उरणारच. तरी दहा दिवसांत पाच बेटांचा हट्ट असतो, कारण कुठल्या तरी रीलमध्ये पाच बेटं एका मिनिटात होतात. बेट बदलण्याचा दिवस म्हणजे हातचा गेलेला दिवस. सकाळी अकराला खोली सोडायची, बॅगा घेऊन बंदरावर थांबायचं, बोट उशिरा येणार, उतरल्यावर नवी खोली आणि तिची किल्ली. संध्याकाळ झाली, हाती काय लागलं?

नकाशाही नीट बघा. झाकिन्थोस पश्चिमेला आयोनियन समुद्रात आहे, सँटोरिनी एजियनमध्ये. मध्ये अख्खा ग्रीस पसरलाय, थेट बोट नाही. ज्या फोटोसाठी झाकिन्थोस यादीत येतं, त्या जहाजाच्या सांगाड्याच्या किनाऱ्यावर दरडींच्या धोक्यामुळे काही वर्षांपासून उतरू देत नाहीत. क्रीट पूर्व-पश्चिम साधारण २६० किलोमीटर लांब आहे. तिथल्या इराक्लिओ आणि हन्या या दोन शहरांमधलं अंतरच १४० किलोमीटर आहे. ते 'एका दिवसात करायचं बेट' नव्हेच.

माझं मत विचाराल तर दहा दिवसांना दोन बेटं आणि अथेन्स. सँटोरिनी बघायचंच असेल तर दोन-तीन रात्री, आणि उरलेला सगळा वेळ नाक्सोसला द्या. बंदरात शिरतानाच डावीकडे पोर्तारा दिसतं. अपोलोच्या अपुऱ्या राहिलेल्या देवळाचा हा संगमरवरी दरवाजा अडीच हजार वर्षांपासून उभा आहे. आत डोंगरात अपिरान्थोससारखी गावं आहेत, तिथल्या गल्ल्यांना संगमरवराची फरशी आहे. तिथला बटाटा आणि ग्राव्हिएरा चीज अख्ख्या देशात नावाजलेलं आहे. लांबलचक वाळूचे किनारे आहेत आणि खोल्या सँटोरिनीपेक्षा बऱ्याच स्वस्त. हे सांगितलं की लोक माना डोलावतात आणि मिकोनोस बुक करतात. मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

बोटीबद्दल आणखी थोडं. पिरेअस बंदर अवाढव्य आहे. ई१, ई२ असे फाटक क्रमांक तिकिटाबरोबर येतात आणि टोकाची फाटकं मेट्रोपासून पायी खूप लांब पडतात. बंदराच्या आत बस फिरते, पण त्यासाठी वेळ हाताशी हवा, म्हणून एक तास आधी पोहोचा. मिकोनोस किंवा टिनोसला जायचं असेल तर राफिना बंदराच्या बोटीही पाहा, ते विमानतळाला पिरेअसपेक्षा जवळ आहे. उतरताना तर फारच लक्ष ठेवावं लागतं. मोठी बोट मधल्या बेटावर काही मिनिटंच टेकते. घोषणा झाली की सगळे जिन्याने खाली गाड्यांच्या मजल्यावर जमतात. तिथे लोखंडी फळ्यांवर बेटांच्या नावाप्रमाणे बॅगा ठेवलेल्या असतात. साखळ्यांचा खडखडाट होतो, मागचं दार खाली येतं, ऊन आत शिरतं आणि ट्रक, मोटारी, माणसं एकदमच बाहेर पडतात. तेव्हा वरच्या मजल्यावर कॉफी संपवत बसलेला माणूस पुढच्या बेटावर जातो.

आता व्हिसा. ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा चालतो. त्याचा अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी करावाच लागतो, आणि निर्णय लांबला तर ४५ दिवसही लागू शकतात. मे महिन्याच्या सुट्टीसाठी एप्रिलमध्ये अपॉइंटमेंट शोधणारे दरवर्षी भेटतात. मग कुणीतरी तोडगा सुचवतो की दुसऱ्या देशाची अपॉइंटमेंट मिळतेय, तिथला व्हिसा काढू आणि ग्रीसला जाऊ. हे करू नका. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज, हा साधा नियम आहे. रात्री सारख्या असतील तर जिथून आधी प्रवेश, तो देश. खोटी हॉटेल बुकिंग लावून मिळवलेला व्हिसा सीमेवरच्या अधिकाऱ्याच्या दोन प्रश्नांत उघडा पडू शकतो, आणि मग पुढच्या प्रत्येक अर्जात तो डाग राहतो. 'सगळे असंच करतात' म्हणणाऱ्या एजंटाचा मला मनापासून राग येतो, कारण परत पाठवलं जातं ते त्याला नव्हे, तुम्हाला. रद्द करता येणारं खरं बुकिंग करा. वैद्यकीय विमा निदान ३०,००० युरोंचा हवा, तोही खरा.

व्हिसा हातात आला की 'नंबर ऑफ एंट्रीज'चा चौकोन वाचा. तिथे ०१ असेल तर तुर्कस्तानची दिवसाची सहल विसरा. कोस बेटावरून तिकडचं बोड्रुम समोर दिसतं, ऱ्होड्स बेटावरून तिकडच्या मार्मारिसची बोट जाते, तिकीट स्वस्त असतं. पण तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही. तिकडे पाऊल टाकलं की तुमची एकमेव एंट्री संपली, आणि बॅगा, खोली, परतीचं विमान सगळं ग्रीसमध्ये. अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा असेल तरच हा बेत करा, आणि तुर्कस्तानचा व्हिसाही लागतोच हे धरून चला.

बाकीच्या चुका थोडक्यात.

दिवाळीच्या सुट्टीत बेटांवर जाणं. ऑक्टोबर सरता सरता हॉटेलं, खानावळी बंद व्हायला लागतात, बोटी कमी होतात. नोव्हेंबरात बेटांऐवजी मुख्य भूमीवरची अथेन्स, डेल्फी, नाफ्प्लिओ करा. आपली मेची सुट्टी बेटांना छान जुळते, पाणी मात्र गार असतं.

१५ ऑगस्टच्या आसपास आयत्या वेळी निघणं. तो मरियमेचा मोठा सण आहे, अख्खा देश सुट्टीवर असतो. टिनोसला तर भाविक बंदरापासून चर्चपर्यंत गुडघ्यांवर जातात. त्या दिवशी तिथे खोली शोधणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात खोली शोधणं.

आंतरराष्ट्रीय परवान्याशिवाय गाडी किंवा स्कूटर घेणं. आरटीओतून १ वर्षाचा परवाना मिळतो. देणाऱ्याने मागितला नाही तरी अपघातानंतर विमावाले मागतात. आणि कच्च्या रस्त्यावरचं नुकसान विम्यात बहुधा धरत नाहीत, क्रीटमध्ये बालोसच्या किनाऱ्याकडे अशाच कच्च्या रस्त्याने वळण्याआधी करार वाचा.

फ्रँकफर्ट किंवा रोमला सव्वा तासाचा थांबा घेणं. शेंगेनची इमिग्रेशन तिथेच होते, आता बोटांचे ठसेही तपासतात. तीन तास ठेवा.

बॅगेत पेढे, तूप, पनीर भरणं. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. चकल्या, कोरडी चटणी न्या. शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहत नाही. सँटोरिनीची फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट पिठलंच, शिवाय टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे, भात भरलेल्या भाज्या, पालकाचं सारण भरलेली पाई. फक्त रस्सा मांसाचा आहे का, हे विचारून घ्या.

हॉटेलचा कर न धरणं. बुकिंगच्या पैशांव्यतिरिक्त दर खोलीला दर रात्री सरकारी कर पडतो. एप्रिल ते ऑक्टोबर तीन तारांकितला ५ युरो, पंचतारांकितला १५, आणि तो बहुतेक वेळा काउंटरवरच मागतात. दोन खोल्या, आठ रात्री असा हिशेब आधीच मांडा आणि तेवढे युरो बाजूला ठेवा.