पुण्यात गाईड घेऊन एक दिवस फिरताय? या चुका टाळा

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातून हौसेनं आत शिरलेली मंडळी वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर येतात आणि एकमेकांना विचारतात, "एवढंच होतं?" नाशिक, नागपूर, कोल्हापूरहून आलेली माणसं असतात, मुलांना मुद्दाम पेशव्यांचा वाडा दाखवायला आणलेलं असतं, आणि आत हिरवळ नि दगडी जोती. त्यांचा हिरमोड होतो तो मला मनापासून लागतो, कारण पाहण्यासारखं तिथे भरपूर आहे, फक्त कुणीतरी ते दाखवावं लागतं.

पुण्याचा इतिहास मोठा, पण उभ्या इमारती थोड्या. 1732 मध्ये वास्तुशांत झालेला शनिवारवाडा 27 फेब्रुवारी 1828 ला पेटला आणि आतला सगळा लाकडी महाल गेला. उरले ते तट, दरवाजे, नगारखाना, जोती आणि कारंजी. 1879 मध्ये बुधवारवाडा जळाला, विश्रामबागवाड्याचाही काही भाग त्याच सुमारास आगीत गेला. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे बसले. जे वाचले त्यांच्या जागी पुढे सोसायट्या आल्या. जयपूर-उदयपूरचे महाल न सांगता बरंच काही बोलतात. इथे सांगणारा माणूस चांगला नसेल तर दिवस वाया जातो. म्हणून स्वतःपुरता गाईड घेणं पुण्यात खरंच उपयोगाचं आहे, आणि त्यातल्या चुका महागात पडतात.

सगळं एकाच दिवसात कोंबणं

ही सर्वांत मोठी चूक. शनिवारवाडा, लाल महाल, दगडूशेठ, केळकर संग्रहालय, पर्वती, आगाखान पॅलेस आणि "वेळ उरला तर सिंहगड", अशी यादी घेऊन लोक गाईडला फोन करतात आणि तोही "होऊन जाईल" म्हणतो. होत काहीच नाही. सिंहगड शहरापासून साधारण तीस किलोमीटर, वर घाट, सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग. त्याला वेगळा दिवस द्या. आगाखान पॅलेस नगर रस्त्यावर, पेठांपासून सात-आठ किलोमीटर लांब. केळकर संग्रहालयात वीस हजारांहून जास्त वस्तूंचा संग्रह आहे, तिथे अर्ध्या तासात काय पाहणार?

माझं सांगणं असं की सकाळ पेठांना द्या आणि तीन जागा याच क्रमानं पाहा: आधी शनिवारवाडा, मग विश्रामबागवाडा, मग केळकर संग्रहालय. तिन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, बाजीराव रस्त्याच्या आसपास. क्रम महत्त्वाचा आहे. शनिवारवाड्यात जोती दिसतात, म्हणजे चौक केवढा, दिवाणखाना केवढा, हे पायाखालून कळतं. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावानं बांधला. त्याच्या दर्शनी भागाचं लाकडी काम, सुरूच्या आकाराचे कोरीव खांब, पुढे आलेला सज्जा पाहिला की शनिवारवाड्याच्या त्या रिकाम्या जोत्यांवर काय उभं असेल याचा अंदाज येतो. केळकर संग्रहालयात त्या घरांच्या आतलं सगळं आहे: कोरीव दरवाजे, दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी, वाद्यं, आणि कोथरूडहून सोडवून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल. तीन ठिकाणं मिळून एक पुरा वाडा डोळ्यासमोर उभा राहतो. उलट क्रमानं गेलात तर शेवटी दमलेल्या पायांनी जोती बघायची पाळी येते, आणि मग तोच प्रश्न, "एवढंच?"

दुपारनंतर एकच मोठी जागा ठेवा. आगाखान पॅलेस किंवा पर्वती.

गाडीतून पेठा बघणं

"एसी गाडीसह दिवसभराची टूर" ऐकायला छान वाटतं. पण शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता दोन्ही एकेरी. एक वळण चुकलं की मोठा वळसा पडतो. कसब्यातल्या बोळांत गाडी जातच नाही, आणि गेली तरी उभी कुठे करणार? परिणाम असा होतो की जिथे पार्किंग नाही ते ठिकाण गाईड मुकाट्यानं गाळतो.

सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं मंदिर हे त्याचं ठळक उदाहरण. अठराव्या शतकातलं हे छोटंसं दगडी मंदिर गल्लीत दडलेलं आहे. दर्शनी भिंतीवर डोळे फिरवा: मोर, हत्ती, द्वारपाल, आणि साखळदंडानं बांधलेला एक गेंडा, शेजारी टोपीवाले गोरे शिपाई. पुण्याच्या पेठेत, पेशवाईच्या काळात, दगडात कोरलेला गेंडा! आत तीन सोंडांचा गणपती मोरावर बसलेला. मुलं इथे जितकी रमतात तितकी मोठ्या महालातही रमत नाहीत. फोनवर बोलतानाच विचारा, "त्रिशुंड गणपती यादीत आहे ना?" गाईड अडखळला तर काय ते समजा.

गाडी असलीच तर सकाळी एकदा वाहनतळावर लावा आणि दुपारपर्यंत विसरा. त्याहून बरं, मेट्रो घ्या. कसबा पेठ आणि मंडई ही दोन्ही स्थानकं पेठांच्या पोटात आहेत. मंडईच्या स्थानकातून वर आलात की महात्मा फुले मंडईची अष्टकोनी मनोऱ्याची इंग्रजी काळातली इमारत जवळच. आगाखान पॅलेसला जायचं तर मंडईहून जिल्हा न्यायालय, तिथे रामवाडीची गाडी बदलून कल्याणीनगर, पुढे रिक्षा. दुपारच्या ट्रॅफिकमध्ये अडकण्यापेक्षा हे कितीतरी सुखाचं.

गाईडची पारख न करणं

बऱ्याचदा गाईड म्हणून येतो तो खरं तर ड्रायव्हर असतो. माणूस सज्जन असतो, पण दारात सोडतो आणि "बघून या, मी इथेच आहे" म्हणतो. म्हणून ठरवतानाच स्पष्ट विचारा: आमच्यासोबत आत कोण येणार? पर्यटन खात्याचं ओळखपत्र आहे का? कोणत्या भाषेत सांगणार? घरात अमराठी जावई असेल किंवा परदेशात वाढलेली नातवंडं असतील, तर भाषेचं आधीच ठरलेलं बरं. ऐनवेळी आजोबांनाच दुभाषा व्हावं लागतं आणि त्यांचं स्वतःचं बघणं राहून जातं.

ओळखपत्रापेक्षाही एक प्रश्न माणूस ओळखायला पुरतो. शनिवारवाड्याचा तट खाली दगडी आणि वर विटांचा आहे. का, असं विचारा. छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारातून हरकत आली, दगडी गढी राजानंच बांधावी असं म्हटलं गेलं, म्हणून पुढे वीट वापरली, ही गोष्ट बहुतेक जण सांगतील. चांगला गाईड ती सांगेल, आणि ही सांगोवांगीची गोष्ट आहे हेही सांगेल. ऐकीव काय आणि कागदोपत्री काय, एवढा भेद करणारा माणूस मिळाला की निश्चिंत राहा.

दुसरी पारख नारायणरावांच्या खुनाची. 30 ऑगस्ट 1773 ला जेमतेम अठरा वर्षांच्या पेशव्याला त्याच्याच वाड्यात गारद्यांनी मारलं. यावर "पौर्णिमेच्या रात्री अजून आवाज येतो" एवढंच सांगून जो थांबतो, त्यानं तुम्हाला निम्मीच हकीकत दिली. पुढचा भाग जास्त मोठा आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी या खुनाची चौकशी केली, नारायणरावांचे चुलते खुद्द राघोबादादा यांना दोषी ठरवलं आणि पद सोडून पुणं सोडलं. सत्तेवर बसलेल्याला तोंडावर दोषी म्हणणारा न्यायाधीश याच शहरात होता. मुलांना भुताची गोष्ट आवडेल, पण रामशास्त्री त्यांच्या लक्षात राहिले पाहिजेत. गाईडनं नाही सांगितलं तर तुम्ही विचारा.

पुणं म्हणजे फक्त पेशवाई, असं धरून चालणं

पेशवे येण्याच्या आधी कसबा होता, शहाजीराजांचा लाल महाल होता, जिजाऊंनी पूजलेला कसबा गणपती होता. त्याच्याही आधीचं पुणं बघायचं तर जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर लेणं आहे. राष्ट्रकूट काळातलं, अखंड कातळात कोरलेलं, बाहेर गोल नंदीमंडप. वाहत्या रस्त्याच्या कडेला आठव्या शतकातलं लेणं शांत बसलेलं आहे, आणि अनेक टूर त्याच्यासमोरून पुढे निघून जातात.

लाल महालाबद्दल एक गैरसमज आधीच दूर करा. आज जी इमारत दिसते ती महापालिकेनं 1980 च्या दशकात बांधलेली आहे. एप्रिल 1663 मध्ये शायिस्ताखानाची बोटं तुटली तो महाल कधीच गेला. हे न सांगता "ह्याच खिडकीतून खान पळाला" म्हणणारा गाईड तुम्हाला फसवतोय.

आणि महात्मा फुले? माझ्या मते पुण्याच्या एका दिवसात गंज पेठेतला फुलेवाडा नसेल तर तो दिवस अपुरा आहे. घर साधं आहे. अंगणातला हौद जोतिरावांनी 1868 मध्ये सर्व जातींसाठी खुला केला. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून भुयारी नळ बांधून पुण्यात पाणी आणलं, पेठोपेठी हौद भरले. पण ते पाणी भरायचा हक्क सगळ्यांना नव्हता. कात्रजच्या पाण्याची गोष्ट सकाळी शनिवारवाड्याच्या कारंज्यांपाशी ऐका आणि नंतर फुलेवाड्याच्या हौदापाशी उभे राहा. दोन्ही एकाच दिवशी पाहिल्याशिवाय हे शहर कळत नाही. भिडेवाडा शोधत मात्र फिरू नका. 1848 ची मुलींची शाळा जिथे भरली ती जुनी वास्तू स्मारकासाठी 2023 मध्ये पाडली गेली. जागा बघता येते, वाडा नाही.

आगाखान पॅलेसमध्ये गाईडला घाई करू देऊ नका. ऑगस्ट 1942 ते मे 1944 गांधीजी इथे कैदेत होते. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा इथेच गेले. मागच्या बाजूला दोघांच्या समाधी आहेत. तिथे थोडा वेळ बोलणं थांबवायला गाईडला सांगायला संकोच करू नका.

वेळ आणि ऋतू

शनिवारवाड्यात सावली फार कमी. एप्रिल-मेमध्ये दहानंतर जोत्यांवर उभं राहवत नाही, तेव्हा सकाळी दार उघडताच आत शिरा. पावसाळ्यात तटाच्या पायऱ्या निसरड्या होतात, चपला घालून वर चढू नका. शनिवार-रविवारी लक्ष्मी रस्ता आणि तुळशीबागेत पाय ठेवायला जागा नसते. गणेशोत्सवात यायचंच असेल तर गाईड सकाळचा ठरवा, संध्याकाळी मध्यवर्ती रस्ते गाड्यांना बंद असतात आणि गर्दीत गाईडचा आवाज पोचत नाही. कोणती जागा कोणत्या दिवशी बंद आहे हे गाईडकडून आदल्या दिवशी पक्कं करून घ्या. विश्रामबागवाड्यात त्या दिवशी आत कुठवर सोडतात, हेही विचारा.

ऐनवेळी अडचण आली तर

आजी-आजोबांना पर्वतीच्या 103 पायऱ्या झेपणार नसतील तर सगळ्यांनी बेत रद्द करायची गरज नाही. पायऱ्या रुंद आणि उतरत्या आहेत, तरी गुडघे दुखत असतील तर हट्ट नको. त्यांना पायथ्याच्या सारसबागेत तळ्यातल्या गणपतीपाशी बसवा, बाकीच्यांनी वर जाऊन या. पानिपतानंतर खचलेल्या नानासाहेबांनी 1761 मध्ये पर्वतीवरच प्राण सोडला. गाईडनं ते वर सांगण्याऐवजी खालीच, सगळ्यांसमोर सांगावं.

गाईड पाठ केल्यासारखं बोलत सुटला, सनावळ्यांचा पाऊस पाडायला लागला, तर त्याला थांबवून जवळच्या एखाद्या वस्तूकडे बोट दाखवा. दिल्ली दरवाजावरचे ते लोखंडी खिळे इतक्या उंचीवर का? हत्तीनं कपाळानं धडक देऊ नये म्हणून. असे दोन-तीन प्रश्न झाले की पाठांतर सुटतं आणि माणूस बोलायला लागतो.

मध्येच "इथली साडी बघा, इथला चिवडा घ्या" सुरू झालं तर पहिल्याच दुकानाशी गोडीत सांगा, की खरेदी आम्ही शेवटी आमची आम्ही करू. दुसऱ्या दुकानापर्यंत थांबलात तर सांगणं अवघड होतं आणि तासभर तिथेच मोडतो.

अचानक पाऊस कोसळला तर केळकर संग्रहालय पुढे घ्या. पेठांतलं चालणं उरलेल्या वेळेत बसवता येतं.

पैशांचं बोलणं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: किती तास, किती माणसं, तिकिटं, गाडी, पार्किंग आणि गाईडचं जेवण कोणाकडे, तास वाढले तर किती, रद्द झालं तर आगाऊ रक्कम परत की नाही. परदेशी पाहुणे असतील तर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांवर त्यांचं तिकीट वेगळं आणि जास्त असतं, ते हिशेबात धरलंय का हेही विचारा. आणि दुपारी जेवायला बसाल तेव्हा गाईडला बाहेर उभं ठेवू नका. पंगतीला सोबत घ्या. पेठेत वाढलेला माणूस असेल, तर त्याच्या आजीच्या वाड्यातल्या गोष्टी बहुतेक तेव्हाच निघतात.