सोसायटीची वही आणि लाराव्हेलचा आर्टिसन

माहीमच्या आमच्या सोसायटीची मेंटेनन्सची वही सेक्रेटरीकाका हातानेच लिहितात. ती कॉम्प्युटरवर आणायला मी लाराव्हेल हाती घेतलं, म्हणजे पीएचपी भाषेत वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा. त्यातली निम्मी कामं टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून होतात, आर्टिसन या लाराव्हेलच्याच मदतनीसाकडून. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे देतोय, टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या.)

आधी पीएचपी आणि कंपोझर (पीएचपीची तयार पॅकेजं आणून देणारं साधन) मशीनवर हवेत. मग ‘कंपोझर क्रिएट-प्रोजेक्ट लाराव्हेल/लाराव्हेल वही’. लाराव्हेल 11 पासून एसक्यूलाइटचा, म्हणजे एका फाइलीत मावणारा डेटाबेस आपोआप तयार होतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी मायएसक्यूएल या वेगळ्या डेटाबेस सर्व्हरच्या पासवर्डशी झटापट नको.

आता ‘सीडी वही’, म्हणजे नव्या ‘वही’ फोल्डरमध्ये शिरायचं. हे विसरलात तर ‘कुड नॉट ओपन इनपुट फाइल: आर्टिसन’ असा एरर येईल. घाबरू नका, आर्टिसन ही त्या फोल्डरमधलीच एक साधी पीएचपी फाइल आहे. दुसऱ्या फोल्डरमध्ये ती सापडणार कशी? ‘पीएचपी आर्टिसन सर्व्ह’ दिलं की ब्राउझरमध्ये 127.0.0.1:8000 वर साइट दिसते. ती खिडकी चालू ठेवा, पुढचं काम दुसऱ्या टर्मिनलमध्ये.

‘पीएचपी आर्टिसन मेक:मॉडेल पावती -एम’ दिल्यावर मॉडेल (कोडमधून टेबलाशी बोलणारा क्लास) आणि मायग्रेशन (टेबलाची रचना लिहायची फाइल) दोन्ही मिळतात. टेबलाचं नाव मात्र इंग्रजी अनेकवचनाच्या नियमाने ‘पावतीस’ होतं. मराठी व्याकरण त्याला कोण शिकवणार! मायग्रेशनमध्ये रक्कम, महिना असे कॉलम लिहा आणि ‘पीएचपी आर्टिसन मायग्रेट’ चालवा. धाकधूक असेल तर आधी ‘--प्रिटेंड’ जोडा: डेटाबेसला द्यायच्या एसक्यूएल सूचना नुसत्या दिसतात, टेबलाला हात लागत नाही.

खरी गोची पुढे आहे. नोंदी भरून झाल्यावर काका म्हणाले, “अरे, फ्लॅट नंबर कुठे लिहायचा?” मी जुन्याच मायग्रेशनमध्ये कॉलम घातला. मायग्रेट म्हणालं, करण्यासारखं काही नाही. एकदा चाललेली फाइल ते पुन्हा चालवत नाही. मग नेटवर बघून ‘मायग्रेट:फ्रेश’ दिलं. ही कमांड सगळी टेबलं पाडून नव्याने बांधते, आणि लोकल मशीनवर ‘नक्की का?’ असं विचारतही नाही. तीन महिन्यांच्या पावत्या गेल्या.

करायला हवं होतं ते एवढंच: ‘पीएचपी आर्टिसन मेक:मायग्रेशन ॲड_फ्लॅट_टू_पावतीस_टेबल’. नावावरून टेबल कोणतं ते आर्टिसन ओळखतो. नवा कॉलम ‘नलेबल’, म्हणजे रिकामा राहिला तरी चालेल असा ठेवायचा, नाहीतर जुन्या नोंदींत तिथे काय भरायचं यावर डेटाबेस अडतो. मग साधं मायग्रेट. चाललेलं मायग्रेशन मागे घेणारं ‘मायग्रेट:रोलबॅक’ही जपूनच, टेबल बनवणारं मायग्रेशन मागे घेतलं तर टेबलासकट नोंदी जातात.

काय चाललंय, काय बाकी आहे ते ‘मायग्रेट:स्टेटस’ दाखवतं. ‘पीएचपी आर्टिसन टिंकर’ (कोडची ओळ टाइप करून लगेच उत्तर बघायची जागा) उघडून ‘पावती::काउंट()’ दिलं की नोंदींचा आकडा मिळतो. काकांच्या वहीशी तो जुळेपर्यंत मला दोन रविवार लागले. आता डेटाबेस फोल्डरमधल्या एसक्यूलाइट फाइलची कॉपी बाजूला ठेवल्याशिवाय मी मायग्रेट चालवत नाही.