सेल्फ मारला की नुसती टकटक? नवी बॅटरी घेण्याआधी या चुका टाळा

गणपती उरकले, पाऊस ओसरला की आमच्या पार्किंगमध्ये दरवर्षी एक ठरावीक आवाज ऐकू येतो. जूनपासून कव्हरखाली झोपलेली दुचाकी कुणीतरी बाहेर काढतं, चावी फिरवतं, सेल्फचं बटण दाबतं आणि सीटखालून टक-टक-टक-टक. मग धक्का मारणं, मग शेजारच्या काकांचा सल्ला, मग "बॅटरी गेली" असा निकाल. संध्याकाळपर्यंत नवी बॅटरी बसलेली असते. पुढच्या वर्षी गणपतीनंतर पुन्हा तीच टकटक.

मी मेकॅनिक नाही. घरात दोन गाड्या आहेत, एक मल्टिमीटर आहे आणि सोसायटीत "त्याच्याकडे चार्जर आहे" अशी ख्याती आहे, एवढंच. पण या ख्यातीमुळे ज्या बॅटऱ्या माझ्याकडे आल्या, त्यांतल्या बऱ्याच गेलेल्या नव्हत्याच. काही उपाशी होत्या, काहींचा नटच ढिला होता. आणि ज्या खरंच मेल्या होत्या, त्यांतल्या निम्म्या चुकीच्या चार्जरने मेल्या होत्या.

न मोजता बॅटरीला दोष देणं

सगळ्यात महागडी चूक हीच. साधा डिजिटल मल्टिमीटर इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो आणि नव्या बॅटरीच्या किमतीपुढे त्याची किंमत किरकोळ असते. त्याने तीन वेळा मोजायचं.

पहिलं मोजमाप गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, चावी बंद असताना. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे पोट भरलेलं. १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धं रिकामं. १२ च्या खाली गेली की सेल्फची आशा सोडा, लगेच चार्जिंगला लावा. गाडी नुकतीच फिरवून आणली असेल तर आकडा उगाच फुगलेला दिसतो. घाई असेल तर मिनिटभर चावी चालू ठेवून हेडलाइट जळू द्या आणि मग मोजा.

दुसरं मोजमाप सेल्फ मारताना. आकडा घसरणारच, पण ९.५ च्या खाली कोसळला तर बॅटरी थकलेली आहे किंवा चार्ज नाही. टकटक होते ती याचमुळे: रिले (सेल्फच्या मोटरला वीज जोडणारा स्विच) चिकटतो, मोटर करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, व्होल्टेज परत वर येतं, रिले पुन्हा चिकटतो.

तिसरं मोजमाप लोक विसरतात आणि गोम तिथेच असते. गाडी सुरू करून इंजिन चार-पाच हजार आरपीएमपर्यंत न्या आणि बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. साधारण १३.५ ते १४.७ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक आहे. त्याहून बरेच कमी असतील तर इंजिनावर वीज बनवणारी कॉइल प्लेट, ती वीज बॅटरीजोगी करणारा रेक्टिफायर किंवा मधलं एखादं कनेक्टर बघायला हवं. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत आरआर युनिट, बिघडलंय आणि ते बॅटरीला उकळतंय. अशा गाडीत नवी बॅटरी टाकणं म्हणजे गळक्या टाकीवर टँकर मागवणं.

एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: साडेदहा. बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. नीट पूर्ण चार्ज करून, काही तास शांत ठेवूनही मीटर साडेदहाच्या आसपासच अडकत असेल तर एक सेल आतून शॉर्ट झाल्याची दाट शक्यता. तिच्यावर आणखी वीज खर्च करू नका.

आणि हो, मीटर लावण्याच्याही आधी टर्मिनलचे नट हाताने हलवून बघा. इंजिनाच्या थरथरीने ते ढिले होतात. पांढरट-हिरवट बुरा धरला असेल तर वायर काढून खायच्या सोड्याच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने साफ करा, कोरडं करा, नट आवळा आणि वरून व्हॅसलिनचा हलका हात फिरवा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत मात्र एक थेंबही जाता कामा नये.

हाताला लागेल तो चार्जर लावणं

बॅटरीवर ४ एएच, ५ एएच, ९ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे तिच्यात किती वीज मावते) असं काहीतरी छापलेलं असतं. लेड-अ‍ॅसिड बॅटरीला त्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाएवढा करंट मानवतो. म्हणजे ४ एएचला ०.४ अँपिअर, ९ एएचला ०.९. उतरलेली बॅटरी या गतीने भरायला दहा-बारा तास लागतात. लागू द्यावेत.

इथे घोटाळा होतो. कारचा चार्जर ५-१० अँपिअर ढकलतो. स्कूटरची ४ एएचची बॅटरी त्याला लावली की ती गरम होते, फुगते आणि आतलं पाणी उडून जातं. बॅटरीच्या दुकानात "रात्रभर लावून ठेवतो" म्हणतात तेव्हाही जरा डोकावून बघा. पुष्कळ ठिकाणी एका ओळीत कारच्या, रिक्षाच्या बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या असतात आणि त्याच माळेत तुमची चिमुकली बॅटरीही गोवली जाते. माळेतल्या सगळ्यांतून सारखाच करंट वाहतो. कारच्या बॅटरीला जो घोट वाटतो, तो तुमच्या बॅटरीला पूर असतो. दुकानदाराचा हेतू वाईट नसतो, पण बॅटरी मरायची ती मरतेच.

घरगुती जुगाडही ऐकून घ्या. वायफायच्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावून एकाने बॅटरी दोन दिवस "चार्ज" केली होती. १२ व्होल्टने १२ व्होल्टची बॅटरी भरत नाही. तिला शेवटच्या टप्प्यात १४.४ च्या आसपास व्होल्टेज लागतं. उलट लॅपटॉपचा अडॅप्टर १९ व्होल्टचा असतो. तो लावणं म्हणजे उघड धोका. जुन्या राजदूतसारखी ६ व्होल्टची गाडी जपून ठेवली असेल, तर १२ व्होल्टचा कुठलाच चार्जर तिच्या जवळ आणू नका.

बाइकसाठीचा, आपोआप थांबणारा स्मार्ट चार्जर घ्या. त्यात बॅटरीचा प्रकार निवडायचं बटण असेल तर ते खरंच निवडा. सीलबंद मेंटेनन्स-फ्री बॅटरी वेगळी, झाकणांची पाण्याची बॅटरी वेगळी, आणि हल्ली काही हौशी मंडळी हलकी म्हणून बसवतात ती लिथियम तर पूर्ण वेगळ्या जातीची. तिला लिथियमसाठीचाच चार्जर लागतो. प्लेटांवर साचलेलं सल्फेट झाडण्याचा मोड तिच्यावर कधीच चालवू नये.

पूर्ण मेलेल्या बॅटरीला काही स्मार्ट चार्जर ओळखतच नाहीत. व्होल्टेज फार खाली असलं की ते सुरूच होत नाहीत. चार्जर बिघडला असं समजून तो परत करू नका.

देवघराशेजारच्या प्लगला चार्जिंग लावणं

हसू नका, मी पाहिलंय. खाली बॅटरी, वर निरांजन.

चार्ज होताना, विशेषतः शेवटी शेवटी, बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्क्यांपासून पुढे पेट घेऊ शकतो आणि त्याला वास नसतो, म्हणजे गॅस गळतीसारखं नाकाला कळत नाही. म्हणून चार्जिंग गॅलरीत किंवा उघड्या खिडकीपाशी करावं, स्वयंपाकघरात नाही, बंद बेडरूममध्ये नाही, बिडी-सिगारेटच्या आसपास तर नाहीच. पाण्याच्या बॅटरीची झाकणं सैल करून ठेवायची. सीलबंद बॅटरीचं वरचं पट्टीसारखं झाकण स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, आत "पाणी बघायला" सुद्धा नाही.

ठिणगी कुठे पडते? बहुतेक वेळा चिमटे लावताना किंवा काढताना. म्हणून आधी लाल चिमटा प्लसला, काळा मायनसला, मग भिंतीचं बटण चालू. काढताना उलटं: आधी बटण बंद, मग चिमटे.

गाडीतून बॅटरी काढताना आधी मायनस, बसवताना आधी प्लस. यामागे कारण आहे. गाडीची सगळी चेसिस मायनसला जोडलेली असते. मायनस तसाच ठेवून प्लसचा नट सोडवायला गेलात आणि पाना फ्रेमला टेकला, की बॅटरीच्या दोन टोकांमध्ये तो पानाच वायर बनतो. माझ्या दहाच्या पान्यावर अजून तो खड्डा आहे: चट्ट आवाज, निळा-पांढरा झोत, आणि मग दहा मिनिटं मी नुसता पायरीवर बसून होतो. अंगठी, कडं, घड्याळ आधी काढून ठेवा. तापलेली अंगठी बोटातून लगेच निघत नाही.

अ‍ॅसिड डोळ्यात उडालं तर नळाखाली सतत पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि तडक डॉक्टरकडे जा. कपड्यावर उडालेलं तेव्हा दिसत नाही, पहिल्या धुण्यात भोकं पडल्यावर कळतं.

बिसलेरी, आरओ आणि "थोडं अ‍ॅसिड टाकू का?"

झाकणांच्या बॅटरीत वरखाली दोन रेषा असतात, पाणी त्यांच्या मध्ये हवं. ओतायचं ते फक्त डिस्टिल वॉटर. पिण्याच्या पाण्यात, अगदी आरओच्याही, क्षार उरतात. जिभेला गोड लागतं ते प्लेटांना मानवत नाही. वरच्या रेषेच्या पुढे भरलं की चार्जिंगच्या वेळी पाणी बाहेर येतं आणि स्विंगआर्मपासून चेनपर्यंत सगळं खातं.

अ‍ॅसिड तर पुन्हा कधीच भरायचं नाही. उडतं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं. वरून अ‍ॅसिड टाकलं की द्रावण तीव्र होतं, दोन दिवस सेल्फ झकास चालतो आणि प्लेटा कायमच्या बाद होतात.

या बॅटरीला एक बारीक ब्रीदर पाइप असतो. सर्व्हिसिंगनंतर तो बॅटरीच्या पेटीखाली दाबला गेला किंवा चिखलाने बुजला तर गॅस कोंडून बॅटरी फुगते. कोकणातल्या लाल मातीच्या रस्त्यांवर पावसाळ्यात गाडी चालवत असाल तर तो पाइप मोकळा आहे का, हे अधूनमधून बघत जा.

चालू गाडीची वायर काढून बघणं

"गाडी चालू ठेव, बॅटरीची वायर काढ, बंद पडली नाही तर चार्जिंग ओके." ही जुनी गॅरेजी परीक्षा कार्बोरेटरच्या काळातली आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर बहुतेक नव्या दुचाकी फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. बॅटरी ही चार्जिंगमधले धक्के पचवणारी उशी असते. चालू इंजिनात ती काढली की व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, जळू शकतो. त्याची किंमत बॅटरीच्या कैकपट. मेकॅनिकने वायरला हात घातला तर त्याला थांबवा, वाईट वाटून घेऊ नका. क्रॅश गार्ड वेल्डिंग करून घेतानाही बॅटरी आधी सोडवा.

कारवरून जंप (कारच्या बॅटरीची वीज वायरने उसनी घेऊन बाइक सुरू करणं) द्यायची वेळ आली तर कारचं इंजिन बंद ठेवूनच द्या. लाल वायर बाइकच्या प्लसला, मग कारच्या प्लसला, काळी कारच्या मायनसला, आणि शेवटचं काळं टोक बाइकच्या बॅटरीला न लावता लांबच्या उघड्या लोखंडी भागाला, म्हणजे ठिणगी पडलीच तर गॅसपासून दूर पडेल. इंजेक्शनच्या गाडीला धक्का मारून फार उपयोग होत नाही. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर पेट्रोलचा पंपच फिरत नाही.

आठवड्यातून पाच मिनिटं चालू करून ठेवणं

परदेशी गेलेल्या मुलाची गाडी सांभाळणारे वडील हमखास हे करतात. सेल्फने काढलेलं पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये (रेस न देता जागेवर चालू ठेवण्यात) पुरतं भरून येईलच असं नाही, कारण आयडलला कॉइल कमी करंट देते आणि एप्रिल २०१७ नंतरच्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू झालं की जळतोच. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्याला फिरवून आणा. ते जमत नसेल तर मायनसची वायर काढून ठेवा.

हिशेब करून बघा. अलार्म किंवा ट्रॅकर बसवलेली गाडी उभ्या उभ्या २० मिलिअँपिअर पीत असेल, तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर गेला. ४ एएचची भरलेली बॅटरी आठवड्याभरात आडवी. बाहेरून काही बसवलेलं नसलं, घड्याळ वगैरे मिळून ३ मिलिअँपिअरच जात असले, तरी दोन महिन्यांत खडखडाट. शिवाय उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात, मग चांगला चार्जरही हात टेकतो. पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर महिन्यातून एकदा चार्जिंग दाखवा. बॅटरी फरशीवर ठेवल्याने उतरते ही समजूत मात्र सोडून द्या. आताच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशीशी काही देणंघेणं नसतं.

नवी घेताना घाई करणं

कोरडी बॅटरी तुमच्यासमोर अ‍ॅसिड भरून लगेच बसवून देत असतील तर थांबवा. अ‍ॅसिड प्लेटांमध्ये मुरायला निदान अर्धा तास हवा आणि त्यानंतर मंद करंटवर पहिलं चार्जिंग. ते टाळलं तर ती बॅटरी जन्मभर पूर्ण क्षमतेला पोचत नाही. आधीच भरलेली घेत असाल तर तयार झाल्याची तारीख बघा, दुकानातच मीटर लावा, १२.४ च्या खाली असेल तर दुसरी मागा.

जुनी बॅटरी दुकानातच द्या, तिची वजावट मिळते. भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि गल्लीत फोडलेल्या बॅटरीतलं शिसं नि अ‍ॅसिड शेवटी गटारातच जातं.

बसवताना टर्मिनलच्या चौकोनी नटाखाली फोमचा छोटा तुकडा सरकवा, म्हणजे स्क्रू लावताना नट खाली घसरत नाही. या एका नटापायी मी लोकांना टॉर्च तोंडात धरून पाऊण तास बसलेलं पाहिलंय. मग त्याच संध्याकाळी तिन्ही आकडे मोजा आणि मार्करने तारखेसह सीटच्या खालच्या बाजूला लिहून ठेवा.