कचऱ्यातून कच्चा माल: प्रकल्पासाठी पैसा मागताना या चुका टाळा

एका कारखान्याची राख, स्लॅग (धातू वितळवताना उरणारी मळी), वापरलेलं आम्ल किंवा वाया जाणारी वाफ दुसऱ्या कारखान्याच्या कामी आणायची, या कल्पनेवर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच असे प्रकल्प त्याच त्या चुकांनी बुडताना पाहिले की जीव तुटतो. कर्ज आणि अनुदानासाठी आलेले असे प्रस्ताव तपासणं हे माझं काम आहे. तंत्रज्ञान फसल्यामुळे बुडालेले प्रकल्प त्यात थोडे. देणारा आणि घेणारा कारखाना एकमेकांशी नेमके कशाने बांधलेले आहेत, हे कोणी नीट न पाहिल्यामुळे बुडालेले फार.

एका नमुन्यावर अख्खा प्रकल्प

ही चूक सगळ्यात महाग पडते, म्हणून सविस्तर सांगतो.

लोखंडी मालावर जस्ताचा थर चढवण्याआधी तो हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून गंज काढतात. वापरून झालेल्या या आम्लात भरपूर लोह असतं. त्यावर क्लोरीनची प्रक्रिया केली की फेरिक क्लोराइड मिळतं आणि ते पाणी शुद्धीकरणात गाळ खाली बसवायला वापरतात. एका प्रमोटरने नेमका हाच प्रकल्प कर्ज काढून उभा केला होता. माझ्याकडे फाइल आली तेव्हा प्लांट बंद पडलेला होता आणि कर्जाची पुनर्रचना करता येईल का, एवढंच पाहायचं होतं.

फाइलमध्ये प्रयोगशाळेचा रिपोर्ट होता. लोह उत्तम, जस्त नगण्य. रिपोर्ट खोटा नव्हता, पण तो एकाच नमुन्याचा होता आणि नमुना नुकत्याच भरलेल्या टाकीतला होता. गॅल्वनाइझिंगच्या, म्हणजे जस्त चढवण्याच्या, शेडमध्ये थर बिघडलेला माल परत येतो आणि त्यावरचं जस्त उतरवायला तो पुन्हा आम्लातच बुडवतात. या ठिकाणी त्यासाठी वेगळी टाकी नव्हती. ज्या दिवशी खराब माल जास्त, त्या दिवशी आम्लात जस्तही जास्त. प्लांट सुरू झाल्यावर काही टँकर चांगले निघाले, काही पार बिघडलेले. पाणी शुद्ध करण्यासाठी घेतलेल्या रसायनातून जस्त आत येणार असेल, तर तो माल कोण घेईल? ग्राहकाने आधी टँकर परत पाठवले, मग ऑर्डरच थांबवली.

उपाय सगळ्यांना ठाऊक होता: जस्त उतरवायची टाकी वेगळी करा. पण ती बांधायची दुसऱ्याच्या आवारात. आम्ल देणाऱ्याचं म्हणणं, आम्ही कचरा फुकट देतोय, वर टाकीही आमच्याच खर्चाने का? त्याचं चुकत नव्हतं. टाकीचा खर्च प्लांटच्या मानाने किरकोळ होता, पण मंजूर झालेल्या प्रकल्प खर्चात दुसऱ्याच्या आवारात खर्च करायला जागाच ठेवलेली नव्हती. तेवढ्यात मॉरेटोरियम, म्हणजे हप्ते न भरण्याची सुरुवातीची सवलत, संपला आणि हप्ते सुरू झाले.

तेव्हापासून माझी सवय अशी की रिपोर्टच्या आधी नमुन्यांची नोंदवही मागतो. नमुना कोणी घेतला, कोणत्या टाकीतून, कोणत्या पाळीत? शटडाउनच्या आधीचा आणि नंतरचा आहे का? देणाऱ्याने स्वतःचा कच्चा माल बदलला तेव्हाचा आहे का? सरासरी मी पाहतच नाही, सगळ्यात वाईट आकडा पाहतो आणि प्लांट त्या आकड्यावर चालेल का हे विचारतो. मग टाकीवरच्या ऑपरेटरशी बोलतो. मॅनेजर काय व्हायला हवं ते सांगतो, ऑपरेटर काय होतं ते सांगतो. यात काही महिने जातात. ज्यांना ते महिने जड वाटतात त्यांनी या क्षेत्रात दुसऱ्याचा पैसा ओढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

'माल फुकट आहे' असं धरून केलेला हिशोब

कचरा फुकट असतो तो तुमचा प्लांट उभा राहीपर्यंत. तुम्ही त्यातून पैसा काढताय हे दिसलं की देणारा दर मागतो. त्यातही बऱ्याचदा किंमत त्याच्याच आवारात तयार होते. झोतभट्टीचा (कच्चं लोखंड बनवणाऱ्या भट्टीचा) स्लॅग पाण्याच्या माऱ्याने झटकन थंड केला तर काचेसारखा होतो आणि दळून सिमेंटच्या जागी वापरता येतो. तोच स्लॅग हळूहळू थंड होऊ दिला तर बहुतेक वेळा खडीच्या कामाचाच उरतो. थंड करण्याची यंत्रणा ज्याची, तो दर मागणारच.

मी प्रत्येक प्रस्तावात तीन ओळी मांडायला लावतो: देणारा तुम्हाला पैसे देतोय, माल फुकट मिळतोय, तुम्ही त्याला पैसे देताय. तिसऱ्या ओळीत हप्ता सुटत नसेल तर मी पुढे वाचत नाही. आणि कर्ज सात वर्षांचं असताना पुरवठ्याचा पुरावा म्हणून 'सहकार्य करण्यास इच्छुक आहोत' असं पत्र जोडू नका. किती टन, कोणत्या प्रतीचा, माल न दिल्यास किंवा न उचलल्यास भरपाई किती, हे असलेला आणि कर्जाची मुदत संपेपर्यंत चालणारा करार आणा. कार्बन क्रेडिटचं, म्हणजे उत्सर्जन कमी केल्याबद्दल मिळणारी प्रमाणपत्रं विकून येणारं, उत्पन्न हप्त्याच्या हिशोबात धरू नका. मिळालं तर वरचं समजा.

स्रोतच आटेल हे न धरणं

डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्ग गावात कारखाने एकमेकांचा कचरा वापरतात, म्हणून त्याचं चित्र अशा जवळपास प्रत्येक सादरीकरणात असतं. तिथल्या कोळशाच्या वीज केंद्रात धुरातला गंधक काढताना जिप्सम तयार व्हायचं आणि ते शेजारच्या प्लास्टरबोर्डच्या कारखान्याला जायचं. पुढे ते केंद्र कोळसा सोडून लाकडाच्या चिपांवर गेलं आणि जिप्समचा तो स्रोत संपला. ब्रिटनमध्ये तर 30 सप्टेंबर 2024 या एकाच दिवशी रॅटक्लिफ-ऑन-सोर हे देशातलं शेवटचं कोळशाचं वीज केंद्र बंद झालं आणि पोर्ट टॅलबटच्या पोलाद कारखान्याची शेवटची झोतभट्टीही विझली. राखेचा एक आणि स्लॅगचा एक, असे दोन स्रोत एकदम गेले. तुमचा माल देणारा कारखाना पुढच्या दहा वर्षांत इंधन किंवा प्रक्रिया बदलणार आहे का, हे त्याच्या मालकाला तोंडावर विचारा. त्याच्यासाठी ती चांगली बातमी असेल, तुमच्या कर्जासाठी नाही.

कालुंडबोर्गची आणखी एक गोष्ट लोक सोडून देतात. तिथलं जाळं कोणी एका आराखड्यात आखून उभं केलं नाही. 1972 पासून दोन-दोन कारखान्यांमध्ये एकेक व्यवहार ठरत गेला आणि प्रत्येक व्यवहार स्वतःच्या हिशोबावर उभा होता. त्यामुळे 'दहा उद्योगांची पूर्ण साखळी' म्हणून एकदम निधी मागणारा प्रस्ताव आला की मी एकच विचारतो: यातली पहिली जोडी कोणती, आणि ती एकटी तग धरेल का?

थोडक्यात, पण तितकंच गंभीर

कचरा कायद्याने कचरा राहतो तोवर तुमचा ग्राहकही परवान्याच्या कक्षेत येऊ शकतो. युरोपीय संघाच्या 2008 च्या निर्देशात कचरा 'कचरा' राहणं कधी थांबतं याच्या अटी आहेत. भारतात घातक कचऱ्यासाठी 2016 च्या नियमांतला नियम 9 (असा कचरा वापरण्याच्या परवानगीचा) पाहावा लागतो. परवानगीला लागणारा वेळ मॉरेटोरियममध्ये धरा.

ओला गाळ वाहून नेताना तुम्ही मुख्यतः पाणी वाहून नेता. वाळवण्याचा खर्च कोणाच्या बाजूला, ते आधी ठरवा.

पोलाद भट्टीच्या स्लॅगमध्ये मुक्त चुना असतो आणि तो ओल लागली की फुगतो. पुरेसा मुरवल्याशिवाय, म्हणजे साठवून ठेवून तो चुना आधीच फुगू दिल्याशिवाय, भरावात किंवा फरशीखाली टाकू नका, आणि मुरवण्यासाठी लागणारी जागा व अडकलेला माल वर्किंग कॅपिटलमध्ये (रोजच्या कामकाजाच्या खेळत्या भांडवलात) दाखवा.

फ्लाय अ‍ॅशमध्ये (कोळशाच्या धुरातून पकडलेल्या बारीक राखेत) न जळालेला कार्बन किती आहे ते तपासा. जास्त असला तर काँक्रीटमधली रसायनं तोच शोषून घेतो.

चाचण्या आणि जुळवाजुळव कर्जातून करू नका. त्यासाठी अनुदान किंवा स्वतःचं भांडवल शोधा, कारण चाचणीचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं आणि बँकेला हप्ता तरीही लागतो.

वाटेत टँकर गळला तर जबाबदारी कोणाची, हे करारात लिहा. विमा कंपनी तेच पहिलं विचारेल.