एचसीसीआय ज्वलनाच्या प्रतिमानातील अवास्तव दाबवाढ: माझा अनुभव

इंधन व हवा आधीच एकजीव करून केवळ संपीडनाने पेटवणाऱ्या एचसीसीआय इंजिनाचे ज्वलन मी संगणकावर मांडत होतो. एन-हेप्टेन या इंधनाची सविस्तर रासायनिक यंत्रणा (ज्वलनातील अभिक्रियांचा संच) वापरल्यामुळे प्रज्वलनाचा क्षण चाचणीतील दाबवक्राशी चांगला जुळत होता. मात्र त्यानंतर दाब जवळजवळ उभ्या रेषेत चढे आणि उत्सर्जनात कार्बन मोनॉक्साइड नावालाही उरत नसे.

दोष रसायनशास्त्रात नव्हता. मी वापरलेले एकविभागी प्रतिमान संपूर्ण सिलिंडर एकाच तापमानाचा मानते. प्रत्यक्षात भिंतीलगतचा थर आणि पिस्टन रिंगजवळची अरुंद फट थंड राहते, गाभा आधी पेटतो आणि त्याच्या प्रसरणाने दाबला गेलेला उरलेला वायू टप्प्याटप्प्याने पेटत जातो. म्हणून ज्वलनाविना केलेल्या प्रवाहगणनेतून (सिलिंडरमधील वायूच्या हालचालीच्या संगणकीय गणनेतून) तापमानाचे वितरण घेऊन मी वायूचे दहा विभाग पाडले, सर्वांचा दाब समान ठेवला आणि प्रत्येकातील रासायनिक समीकरणे स्वतंत्रपणे सोडवली. दाबवक्राचा चढ सौम्य झाला.

फटीचा विभाग वेगळा ठेवणे मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण न जळलेल्या हायड्रोकार्बनचा मोठा वाटा तिथूनच येतो. सुमारे 1500 केल्विनखाली राहणाऱ्या विभागांत कार्बन मोनॉक्साइडचे ज्वलनही अपुरे राहते. विभागांमधील मिश्रण यात धरलेले नसल्याने कमी भारावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा अजून जपूनच वाचावा लागतो.