एल्कसाठी रायफल घेताय? आधी काडतुसांचं फडताळ बघा

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला पहिल्यांदा जाणारे बरेच जण सगळे पैसे मॅग्नम (जास्त जोरदार काडतुसांच्या) रायफलीत घालतात. मग महाग काडतुसांमुळे सराव राहून जातो आणि जनावर जखमी होऊन रानात मरतं.

१. शिकारीच्या भागातल्या छोट्या दुकानात कुठली काडतुसं हमखास मिळतात ते बघा. बहुधा .३०८ आणि .३०-०६ या मापांची. त्यातलंच एक घ्या.

२. साधी बोल्ट-ॲक्शन (दर गोळीनंतर हाताने खटका ओढून पुढचं काडतूस भरायची) रायफल घ्या, वापरलेलीही चालेल. वाचलेले पैसे चांगल्या स्कोपवर (नेम धरायच्या दुर्बिणीवर), ती बसवायच्या पक्क्या माउंटवर आणि काडतुसांवर घाला. १६५ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची चांगली, आत शिरल्यावर पसरणारी पण तुकडे न होणारी गोळी ठरवा. तिच्यावरच स्कोप जुळवा आणि थोडा सराव गुडघ्यावर बसूनही करा, कारण डोंगरात रायफल टेकवायला सरावाच्या जागेसारखं टेबल नसतं.

जपा: रायफलीच्या नळीवरचं काडतुसाचं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचा शिक्का दरवेळी जुळवा. आखूड .३०८ हे .३०-०६ च्या रायफलीत शिरू शकतं, आणि ते धोक्याचं आहे.