शवागाराचा सेट वागळे इस्टेटच्या गाळ्यात

शवागारातल्या भयपटासाठी खऱ्या शवागाराची परवानगी मागत फिरू नका. तिथे दाराबाहेर कुणाचे तरी नातेवाईक बसलेले असतात. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला किंवा नवी मुंबईच्या रबाळे-महापे औद्योगिक पट्ट्यातला पाचशे चौरस फुटांचा रिकामा गाळा पुरतो. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळा टाळा, एका सरीत साउंडचा टेक जातो. जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा. अर्ध्या उघड्या शटरमधून कुणी चादरीखालचा माणूस पाहिला तर धावपळ होते.

खर्च आणि वेळ प्रेतं ठेवायच्या कप्प्यांवर घाला. दारं सहा दाखवा, चालणारा कप्पा एकच. १२ मिमी प्लायवर मॅट स्टील फिनिशची सनमायका लावा. चकचकीत पत्र्यात कॅमेरा दिसतो. ट्रे साडेसहा फूट बाय दोन फूट. त्याला किचनच्या ड्रॉवरचे चॅनल लावू नका: ट्रे पूर्ण बाहेर आला की माणसाचं सगळं वजन टोकावर येतं आणि चॅनल वाकतात. खाली चाकांची ट्रॉली घ्या, शवागारातही ट्रे ट्रॉलीवरच ओढून घेतात. कप्प्याची मागची बाजू उघडीच ठेवा. नटाला हवा मिळते, घाबरला तर निघता येतं, आणि आतून दाराकडे पाहणारा शॉट फुकटात मिळतो.

धुरासाठी ड्राय आइस कप्प्यात अजिबात नको. त्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो खाली साचतो आणि झोपलेला माणूस गुदमरतो.

मेकअपमध्ये पांढरी पावडर थापली की प्रेत नाटकातलं वाटतं. मृत्यूनंतर रक्त खालच्या बाजूला उतरतं; उताण्या देहाच्या पाठीवर जांभळट डाग येतात आणि साधारण आठ ते बारा तासांत पक्के होतात. टेबलाला टेकलेली जागा मात्र फिकी राहते. भीती इथेच पेरा. रात्री सगळ्यांसमोर उताणा ठेवलेला ताजा देह, आणि सकाळी डाग छातीवर. रात्रभर तो पालथा होता, हे डॉक्टरच्या एका वाक्यात कळू द्या. देह हलताना दाखवायची गरजच उरत नाही.

नटाला श्वास सोडून मग थांबायला सांगा. भरून धरला तर छाती फुगलेली दिसते. शॉट पंधरा सेकंदांच्या आत कापा. चादर पोटावर दुमडून जाड ठेवली की बारीक हालचाल झाकली जाते.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोकवाल्या ट्यूबलाइटखाली कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर ठेवा, नाहीतर फ्रेममध्ये पट्टे सरकतात. मिणमिणणारी ट्यूब हवी असेल तर डिमरवरची एलईडी घ्या. खराब स्टार्टर इशाऱ्यावर चालत नाही.

आणि फ्रिजची घरघर. कॉम्प्रेसरचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून प्रत्येक दृश्याखाली हलका चालू ठेवा. प्रेक्षकाच्या कानाला त्याची सवय लागली की नेमक्या क्षणी तो बंद करा. त्या शांततेतही खोलीचा आवाज लागतोच, म्हणून पॅकअपआधी सगळ्यांना जागच्या जागी थांबवून एक मिनिट नुसता सेट रेकॉर्ड करा.